धुराचं भाडं

मराठीत बंब दोन प्रकारचे. एक आग विझवायला घंटा बडवत येतो तो, आणि दुसरा पोटात आग घेऊन परसात उभा राहतो आणि आंघोळीचं पाणी तापवतो तो. आजचा विकांताचा लेख दुसऱ्या बंबाबद्दल आहे, त्याच्या विलायती नातवंडांबद्दल आहे आणि बराचसा धुराबद्दल आहे. मागचे तीन-चार विकांत मी पाणी तापवायच्या यंत्रांबद्दल जे हाताला लागेल ते वाचतोय. (रूममेटच्या मते हे लग्न न ठरण्याचं लक्षण आहे. असो.) वाचून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पाणी तापवणं सोपं आहे, ते गुहेतल्या माणसालाही जमत असणार. अवघड आहे ते उरलेल्या धुराचं काय करायचं हे ठरवणं. दीडशे वर्षांचा सगळा इतिहास त्या धुराभोवती फिरतो.

तिशीच्या आतल्या लोकांसाठी आधी बंब समजावतो. तांब्याचा किंवा पितळेचा उभा पिंप. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक जाड नळी. नळीच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळीच्या भोवती पाणी. वरून नळीत ढलप्या, करवंट्या, शेणाच्या गोवऱ्या टाकायच्या आणि पेटवायचं. आग नळीत, पाणी बाहेर, मध्ये फक्त तांब्याचा पत्रा. धूर वरच्या तोंडातून जातो, गरम पाणी बाजूच्या तोटीतून येतं. बाहेरून बघितलं तर पिंप, आतून बघितलं तर पाण्याचा कोट घातलेलं धुराडं. रशियातला सामोवार म्हणजे हेच, फक्त चहासाठी आणि नक्षी जास्त.

आमच्या गोंडपिपरीत बंब ही तशी मोठ्या घरची वस्तू. (गोंडपिपरी कुठे आहे विचारणाऱ्यांसाठी: चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करत आष्टी-अल्लापल्लीच्या रस्त्याला लागलात की मध्ये लागतं. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा.) बाकी घरांमध्ये आंगणात चूल किंवा तीन दगड, त्यावर जर्मनचा मोठा गंज, खाली जंगलातून आणलेलं जळतन. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी तापवायची गरज नसते, टाकीतलंच पाणी अंगावर घेववत नाही! पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे त्या गंजाभोवती घरातली सगळी पोरं हात शेकत बसलेली असायची. उघड्या चुलीवर लाकडातली उष्णता दहा-पंधरा टक्केच पाण्यात जाते. बाकीची पोरांना, कुत्र्याला आणि आभाळाला. बंबात आग पाण्याच्या मधोमध कोंडलेली असल्यामुळे हिशेब बराच सुधारतो. मात्र चूल काय आणि बंब काय, दोन्हींत एक गोष्ट समान होती. दोन्ही घराबाहेर असायचे, किंवा फार तर पडवीत. आमच्या आजीला विचारलं असतं की ही आग न्हाणीत का नाही नेत, तर तिने वेड्यात काढलं असतं. "न्हाणीत इस्तो कोन नेते?"

आता जरा फिजिक्स. कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे. बंबातला धूर वर का जातो? गरम हवा हलकी असते म्हणून. नळीत गरम हलका वायू, बाहेर थंड जड हवा. बाहेरची हवा खालून जाळीतून आत घुसते आणि आतल्या वायूला वर ढकलते. त्या ढकलण्यातच आगीला ताजी हवा मिळते. पंखा नको, पंप नको. नळी जितकी उंच आणि धूर जितका गरम, तितका ओढा जास्त. म्हणजे बंबाच्या तोंडातून जी उष्णता 'वाया' जाते ती खरं तर वाया जात नाही. ती धुराचं भाडं आहे. एसटीत तिकीट काढल्याशिवाय कंडक्टर बसू देत नाही, तसं थोडी उष्णता मोजल्याशिवाय धूर घराबाहेर जात नाही. इंजिनियर लोकांना वाया जाणारी उष्णता दिसली की हात शिवशिवतात. पण भाडं वाचवायला गेलं की धूर इथेच उतरतो.

मग आला गॅस. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ मध्ये. तो गॅस कोळशापासून काढलेला. लंडनमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरात गॅसच्या नळ्या गेल्या होत्या, आणि तिथे १८६८ मध्ये बेंजामिन वॉडी मॉघन नावाच्या माणसाने एका यंत्राचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ व्यवसायाने सजावटीची रंगकामं करणारा. वरून थंड पाणी तारांवरून गळत खाली येणार, खालून गॅसच्या ज्वाळांचा गरम वायू वर जाणार, आणि टबात पडेपर्यंत पाणी गरम. बटण दाबून उन्हं पाणी! आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून त्याने नाव ठेवलं गिझर. आपण आजही तोच शब्द वापरतो, विजेवर चालणाऱ्या डब्यालासुद्धा.

मॉघनच्या यंत्रात एक भाग नव्हता. धुराडं. जळून झालेला वायू तिथेच, आंघोळीच्या खोलीत. त्यातून तो काळ कोळशाच्या गॅसचा, म्हणजे न जळता गळला तरी विषारी, कारण त्या गॅसमध्येच कार्बन मोनॉक्साइड असायचा. म्हणजे आजी ज्याला वेडेपणा म्हणाली असती नेमकं तेच लंडनच्या श्रीमंतांनी पैसे मोजून केलं. आग न्हाणीत नेली आणि धुराचं भाडं कुणी भरायचं हे ठरवलंच नाही.

पुढची दोन नावं महत्त्वाची. एक एडविन रूड, मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत पिट्सबर्गला स्थायिक झालेला. १८८९ मध्ये त्याने आपोआप चालू-बंद होणारा, टाकीचा गॅस हीटर आणला. आजही अमेरिकेत तळघरात उभे असतात ते टाकीचे हीटर कापून बघितले तर आत काय दिसतं? उभा पिंप, मधोमध नळी, खाली बर्नर, नळीभोवती पाणी. आपला बंबच की! फरक इतकाच की ढलप्यांच्या जागी गॅस, तोटीच्या जागी थर्मोस्टॅट, आणि नळी छपरापर्यंत वाढवलेली.

दुसरं नाव ह्यूगो युंकर्स. हो, तोच, ज्याची विमानं दुसऱ्या महायुद्धाच्या सिनेमांत दिसतात. १९१५ मध्ये पूर्ण धातूचं विमान उडवणाऱ्या या माणसाने त्याआधी पैसा कमावला तो बाथरूमच्या गिझरांवर. आणि त्याची सुरुवातही गिझर करायला म्हणून झाली नव्हती. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला गॅसची उष्णता मोजायची होती. अमुक इतका गॅस जाळला तर नेमकी किती उष्णता मिळते? मोजायचं तर एक कणही निसटून चालणार नाही. म्हणून त्याने असं उपकरण बनवलं की ज्वाळेचा गरम वायू पाण्याच्या नळ्यांना घासत घासत खोलीच्या तापमानाइतका थंड होऊनच बाहेर पडेल. किती पाणी वाहिलं आणि ते किती अंश तापलं हे मोजलं की झालं. या उपकरणाच्या खाली एक छोटी नळी होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळायचं. ते एका मोजपात्रात जमवायचे.

हे पाणी कुठून आलं? गळती नव्हती. ते ज्वाळेतून आलं होतं.

गॅस म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण हायड्रोजन जळून पाणी होतं हे दहावीनंतर आपण विसरतो. आपल्या घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा हिशेब करून बघा. एक किलो ब्युटेन जाळलं की दीड किलोपेक्षा थोडं जास्त पाणी तयार होतं, प्रोपेनचं थोडं आणखी जास्त. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत त्यातून साधारण २२ लिटर पाणी बाहेर पडलेलं असतं. एक मोठी बादली! मी हा आकडा तीनदा तपासला. दिसत नाही कारण ते वाफ होऊन जातं. आणि वाफ जाताना आपला अप्रकट उष्मा घेऊन जाते. चुलीवरच्या उकळत्या पाण्याची वाफ करायला जी भरमसाठ उष्णता लागते, तीच.

ही चोरी केवढी? एलपीजीच्या बाबतीत एकूण उष्णतेच्या सुमारे ८ टक्के, पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या बाबतीत १० टक्के. युरोपातल्या कारखानदारांनी यावर छान तोडगा काढला होता. वाफेतली उष्णता मिळणारच नाही असं गृहीत धरून उरलेल्यालाच त्यांनी १०० टक्के म्हटलं. पुढे जेव्हा ती वाफेतली उष्णताही परत मिळवणारी यंत्रं आली तेव्हा जाहिरातीत कार्यक्षमता १०७ टक्के छापावी लागली :) इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला असं उत्तर लिहिलं असतं तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं.

युंकर्सच्या उपकरणाने गेलेलं सगळं परत मिळवलं होतं, पण ते प्रयोगशाळेतलं उपकरण होतं. घरातल्या गिझरमध्ये हे करायला कुणाला घाई नव्हती, गॅस स्वस्त होता. १९७३ चं तेलसंकट आलं आणि युरोपचे डोळे उघडले. हॉलंडमध्ये १९८० च्या आसपास घरगुती कंडेन्सिंग बॉयलर बाजारात आले. ब्रिटनमध्ये (इंग्लंड-वेल्समध्ये) १ एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर काही अपवाद सोडता तो कंडेन्सिंगच हवा असा नियम झाला. कंडेन्सिंग म्हणजे आपल्या शाळेच्या भूगोलातलं सांद्रीभवन. धूर ५०-५५ अंशांच्या खाली थंड केला की त्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं आणि अप्रकट उष्मा परत मिळतो. आंघोळीच्या गिझरला हे फार सोयीचं, कारण नळातून येणारं पाणीच वीस-पंचवीस अंशाचं असतं. ते आधी सगळ्यात थंड धुराला भेटवायचं आणि मग पुढे पुढे गरम धुराकडे न्यायचं. उलट दिशेने चालणाऱ्या दोन रांगा.

एवढं सोपं होतं तर शंभर वर्षं का थांबले? एक कारण, ते गळणारं पाणी आंबट असतं. धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात विरघळतात, आणि तांब्या-लोखंडाला ते हळूहळू खातं. त्यासाठी स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे भाग लागले. याचंच मोठं रूप आमच्या जिल्ह्यात रोज दिसतं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या धुराड्यांतून जो धूर निघतो तो मुद्दाम शंभर अंशांच्या बराच वर ठेवलेला असतो. कोळशात गंधक असतं, धूर जास्त थंड केला तर वाटेतच गंधकाम्लाचं दव धरेल आणि पत्रे खाऊन टाकेल. म्हणजे कोळसा जाळणाऱ्याने ती उष्णता नाइलाजाने आभाळात सोडायची. एलपीजीत गंधक नावापुरतं (तो वास येण्यासाठी घातलेला पदार्थ), म्हणून तिथे हे परवडतं.

दुसरं कारण म्हणजे आपलं भाडं. धूर ५० अंशांपर्यंत थंड केला, आता तो वर कशाच्या जोरावर जाणार? तिकिटाचे पैसे तर तुम्ही काढून घेतलेत. तो यंत्राच्या तोंडाशी रेंगाळणार, खोलीत पसरणार. त्याला ढकलायला पंखा हवाच. आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वात आवडलेली गोष्ट इथे आहे. पंखा आल्यावर 'पंखा बंद पडला तर काय' हा प्रश्न आला. गरम धुराड्याच्या काळात हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं, ओढा आहे असं धरून चालायचं. एकदा प्रश्न विचारावा लागला म्हटल्यावर सगळंच तपासावं लागलं.

चांगल्या कंडेन्सिंग गिझरचा क्रम असा असतो. तुम्ही नळ उघडला की आधी गॅस सुटत नाही, आधी पंखा फिरतो. पंखा खरंच फिरतोय का, किती वेगाने, हे मोजलं जातं. काही सेकंद नुसती हवा, म्हणजे आत चुकून गॅस साठला असेल तर निघून जाईल. मग ठिणगी. मग गॅसची झडप उघडते. झडपा एकामागे एक दोन असतात, आणि दोन्ही स्प्रिंगने बंद राहणाऱ्या, विजेने उघडणाऱ्या. वीज गेली, तार तुटली, कार्ड जळलं, काहीही झालं तरी गॅस बंद. मग ज्वाळा पेटली का ते बघायचं, आणि हे बघणं भारी आहे. ज्वाळेतून अगदी थोडी वीज वाहू शकते, आणि तीही जवळजवळ एकाच दिशेने, डायोडसारखी. ज्वाळेत एक सळई धरून तो सूक्ष्म प्रवाह मोजतात. प्रवाह नाही म्हणजे ज्वाळा नाही, काही सेकंदांत गॅस बंद, पुन्हा एकदोनदा प्रयत्न, तरी नाही तर यंत्र कुलूप लावून बसतं आणि माणूस येऊन बटण दाबेपर्यंत हलत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला स्टेट मशीन म्हणतो ते हेच, फक्त आमच्याकडे चुकलं तर पेज लोड होत नाही, इथे चुकलं तर माणूस उठत नाही.

शिवाय गॅस किती सोडायचा हे अनेक यंत्रांत हवेच्या ओढीवरच ठरतं. बाहेरच्या नळीत पक्ष्याने घरटं बांधलं, हवा कमी झाली, तर गॅस आपोआप कमी. आंबट पाणी जायच्या वाटेवर बेसिनखाली असतो तसा वाकडा ट्रॅप असतो. त्यात पाणी साठून राहतं म्हणून धूर त्या वाटेने घरात येत नाही. तो तुंबला तर यंत्र बंद. (डिसेंबर २०१० च्या थंडीत ब्रिटनमध्ये या पाण्याच्या नळ्याच गोठल्या आणि ऐन बर्फात लोकांचे बॉयलर कुलूप लावून बसले. गोंडपिपरीला हा धोका नाही.)

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: आतली आग खोलीतल्या हवेला शिवतच नाही. भिंतीतून एकात एक अशा दोन नळ्या बाहेर काढलेल्या असतात. बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत, आतल्या नळीतून धूर बाहेर. खोलीत तुम्ही, डब्यात आग, दोघांची हवा वेगळी. ही बंद डब्याची पद्धत कंडेन्सिंगच्याही आधीची आहे, साध्या गिझरलाही लावता येते. पण कंडेन्सिंगमध्ये पंखा आलाच असल्यामुळे ती पद्धत सहज जोडली गेली. शंभर वर्षांनी आग पुन्हा न्हाणीच्या बाहेर गेली म्हणा ना, फक्त भिंतीवरच्या डब्यात बसून.

हे सगळं तिकडे. आपल्याकडे काय झालं? सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्माशेलने 'बर्शेन' नावाने आणला, इंडेन १९६५ मध्ये आलं, आणि आमच्या भागातल्या खेड्यांत तो खऱ्या अर्थाने पोचला २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर. गॅसवरचे छोटे गिझर मात्र शहरा-तालुक्यांत २००० नंतरच्या दशकात धडाक्याने खपले. त्यासाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानकही २००५ सालचं आहे. हेच दशक का, तर भारनियमन. ज्या जिल्ह्यातून सगळ्या राज्याला वीज जाते त्या आमच्या जिल्ह्यातही गावोगाव तासन्‌तास वीज नसायची, यावर बोलायला लागलो तर दुसरा लेख होईल. अशा वेळी दोन मोठ्या सेलवर चालणारा गिझर कोण सोडेल? नळ उघडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, पडदा गॅसची झडप उघडतो, सेलवर ठिणगी पडते, भक्क! पंखा नाही, कार्ड नाही, स्वस्त आणि सुटसुटीत. यांत्रिक डोकं म्हणून मला तो पडदा फार आवडतो.

पण धुराडंही नाही. वरच्या बाजूला नुसत्या फटी. १८६८ चं मॉघनचं यंत्र, बऱ्याच सुधारणांसह, पण धुराच्या बाबतीत तिथेच.

गणित करून बघू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर मिनिटाला साधारण १६ ग्रॅम एलपीजी जळतो. त्याला २०० लिटरपेक्षा जास्त हवा लागते, दर मिनिटाला. आपलं फ्लॅटमधलं बाथरूम समजा ५ फूट बाय ६, उंची ८. म्हणजे सहा हजार आठशे लिटर हवा. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत जवळजवळ निम्म्या खोलीची हवा ज्वाळेतून जाऊन येते, आणि थंडी म्हणून खिडकी घट्ट लावलेली! सुरुवातीला निळी स्वच्छ ज्वाळा असते. प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास आला की ज्वाळा अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. पहिल्याचं निभावतं, मागून दार लावून दुसरा जातो, तिसरा जातो. बऱ्याच गिझरांत वीस मिनिटांनी बंद होण्याची सोय असते, पण पाणी थांबवून पुन्हा सोडलं की घड्याळ बहुधा पहिल्यापासून सुरू.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एलपीजी गळला तर वासाने कळतं, हा कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पाय जातात. दार उघडायला हवं हे सुचतं तेव्हा कडीपर्यंत हात जात नाही. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणींतल्या स्फोटांवर अहवाल दिला. स्फोटाने मेलेल्या बहुतेक कामगारांना स्फोटाने नव्हे तर मागाहून पसरलेल्या या वायूने मारलं होतं, असं त्याने दाखवलं. मग खाणीत उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी न्यायची पद्धत पडली, माणसाच्या आधी ते कोसळतात म्हणून. खाणींच्या जिल्ह्यात वाढलेल्या मला हे वाचून वाटलं, की १३० वर्षांपूर्वी खाणीत जी काळजी घेतली ती आपण बाथरूममध्ये घेत नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबईत धुळवडीनंतर एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं आणि पोलिसांनी गॅस गिझरच्या वायूचा संशय व्यक्त केला, ती बातमी अनेकांना आठवत असेल. हिवाळ्यात अशा बातम्या चार ओळींत येतात. 'गुदमरून मृत्यू' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे लोकांना वाटतं गॅस गळला असेल. गॅस गळलेला नसतो. सगळं नीट चालू असतं, म्हणूनच घात होतो.

गेल्या दिवाळीनंतर मोठेबाबांनी गोंडपिपरीहून फोन केला. नवीन बांधलेल्या घरात न्हाणी आता आत आली आहे, टाइल्सवाली. "तू इंजिनेर होय ना? मंग सांग, गॅसचा गिझर लावू का नको? दुकानदार म्हणते काही होत नाही." मी म्हटलं, मोठेबाबा, गिझर लावा, पण न्हाणीत नाही. मागच्या भिंतीला बाहेरून लावा, वर पत्रा घाला, आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्या. सिलिंडरही बाहेरच. त्यांना चालू-बंद करायला बाहेर जावं लागेल का ही काळजी होती. नाही लागत, नळ आत सोडला की पडदा बाहेर सरकतोच. मोठी आई मागून म्हणाली, "म्हंजे बंबावानीच ना." अगदी तसंच. फ्लॅटवाल्यांना हे जमेलच असं नाही. ड्राय बाल्कनी असेल तर तिथे, नाहीतर धूर बाहेर नेणारी नळी असलेलं मॉडेल, तेही नसेल तर सरळ विजेचा घ्यावा. एक्झॉस्ट फॅन लावतो आणि झालं, असं म्हणू नका. हवा आत यायला जागा नसेल तर फॅन बाहेर काय फेकणार? आणि कुणी आत कोसळलंच तर आधी दार-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा आणि शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचं, प्राणवायू द्यावा लागतो.

मग मोठेबाबांना कंडेन्सिंगच का नाही सुचवला? हिशेबात बसत नाही. एक बादली (२० लिटर) पाणी २० अंशांनी तापवायला साध्या गिझरला साधारण ४२ ग्रॅम गॅस लागतो, कंडेन्सिंगला ३६. बादलीमागे सहा ग्रॅम वाचले. युरोपात सहा-सहा महिने अख्खं घर तापवतात तिथे या सहा ग्रॅमचे मोठे पैसे होतात. आमच्याकडे थंडी दोन महिने, तीही सकाळपुरती. त्यात पंख्याला वीज लागणार, आणि ते कार्ड बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस नागपूरहून आणायचा. मला त्या यंत्रातला कंडेन्सिंगचा भाग नको आहे, मला त्याचा बंद डबा हवा आहे. आपल्या बाजारात उलट होतं. कंपन्या कार्यक्षमतेचे आकडे ठळक छापतात आणि धुराबद्दल सूचना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत.

अजून एक भानगड आहे, आणि ती जंगलाच्या जिल्ह्यातच कळते. उज्ज्वलाचं सिलिंडर घरी आलं म्हणून जळतन आणणं थांबलं असं झालं नाही. सिलिंडर चहाला, पाहुण्यांना, घाईच्या स्वयंपाकाला. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच, कारण पाण्याला गॅस जाळणं जिवावर येतं. आणि पाणी तापवायला लाकूड फार लागतं. त्यासाठी बाया पहाटे जंगलात जातात. ज्या जंगलात वाघ आहे. ताडोबाच्या आसपासच्या गावांत सरपणाला, मोहफुलांना गेलेल्या बायांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या चंद्रपूरच्या माणसाला नवीन नाहीत.

यावर उपाय म्हणून वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्ट ही वाघांचं काम करणारी संस्था गेल्या काही वर्षांत या गावांमध्ये काय वाटतेय ठाऊक आहे? बंब. 'हीटर ऑफ होप' असं इंग्रजी नाव दिलंय, पण वस्तू तीच. उभा पिंप, मधोमध नळी, खाली जाळी. मोठी लाकडं लागत नाहीत, काड्या-काटक्या आणि गोवऱ्या चालतात, म्हणजे जळतन आंगणाच्या आणि वावराच्या आसपासच गोळा होतं. उभा राहतो तोही बाहेर, आंगणात. पंखा नाही, सेन्सर नाही, धूर स्वतःचं भाडं स्वतः भरून वर जातो. देखभाल म्हणाल तर राख काढायची आणि अधूनमधून नळीला आतून धरलेली काजळी खरवडायची, कारण काजळी साचली की पाणी उशिरा तापतं आणि काड्या जास्त लागतात.